जुन्या टॉकीजच्या पाटीला नवा उजेड : सोलापुरात हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

एखाद्या जुन्या टॉकीजची पाटी बंद पडली की मालकापुढे साधारण दोनच पर्याय ठेवले जातात. पहिला, पाटी काढून तिथे फ्लेक्स लावायचा किंवा अक्षरे सरकणारा लाल पी-१० बोर्ड बसवायचा. दुसरा, आहे तशी गंजू द्यायची. हा लेख तिसऱ्या वाटेबद्दल आहे. पत्र्याची अक्षरे, बल्बांची रांग, निऑनचे (वायूने उजळणाऱ्या काचेच्या नळीचे) वळण, रस्त्यावरून जे जे दिसते ते जुनेच ठेवायचे आणि मागे दडलेले सगळे नवे करायचे. ही वाट जास्त वेळ खाते, पण ती अवघड नाही. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला वायरमन, मंडळांची रोषणाई करणारी मुले, वडिलांकडून टॉकीज हाती आलेला मालक, कोणालाही ती जमते. फक्त क्रम चुकवायचा नाही.

सोलापूरला या कामाची जाण आधीपासून आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि गणपतीत चार-चार मजली रोषणाई उभी करणारे हात इथे गल्लोगल्ली सापडतात. कंट्रोलर (दिव्यांची उघडझाप चालवणारे यंत्र), पिक्सेल (स्वतंत्रपणे रंग बदलणारा छोटा दिवा), एसएमपीएस (घरगुती विजेचा कमी व्होल्टचा डीसी करणारा पुरवठा) हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. फरक एवढाच, की मंडळाची कमान काही दिवसांनी उतरवायची असते आणि टॉकीजची पाटी ऊन, धूळ आणि वळवाचा पाऊस सोसत वर्षानुवर्षे उभी राहायची असते. म्हणून मंडपात चालणाऱ्या बऱ्याच सवयी इथे सोडाव्या लागतात.

आधी हात लावू नका, नोंद करा

पहिले काही दिवस पकड-पेचकस बाजूला ठेवा. पाटीचे फोटो काढा : समोरून, दोन्ही बाजूंनी, सकाळच्या उन्हात आणि संध्याकाळी. शिडी लावून प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी, खोली मोजा. बल्बांची भोके मोजा, दोन भोकांमधले अंतर लिहा. निऑनची नळी असेल तर तिच्या वळणाचा ठसा बटर पेपरवर पेन्सिलीने उतरवून घ्या. नळी फुटलेली असली तरी तिला धरून ठेवणारे काचेचे आधार भिंतीवर किंवा पत्र्यावर असतात, त्यांच्या जागांवरून वळण बरोबर कळते.

मग माणसांकडे जा. मशीन चालवणारे ऑपरेटर, बुकिंगला बसणारे, दारावर तिकीट फाडणारे, बॅनर रंगवणारे पेंटर, यांच्याशी शांतपणे बोला. विचारायचे ते असे : पाटीचा रंग कोणता होता? सगळे बल्ब एकदम लागायचे की पळायचे? डावीकडून उजवीकडे की मधून बाहेर? सोलापूरचा पूर्व भाग तेलुगू बोलतो, शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारेही भरपूर. त्यामुळे काही ठिकाणी पाटीवर किंवा तिच्या खालच्या पट्टीवर दुसऱ्या लिपीतली अक्षरे नंतरच्या रंगाखाली झाकलेली असू शकतात. ती सापडली तर ती पाटीचाच भाग समजा, खरवडून टाकू नका.

टॉकीजमध्ये बल्ब 'पळवणारे' जुने यंत्र शिल्लक असेल तर तो मोठा ठेवा आहे. एका छोट्या मोटरवर फिरणारा दांडा, त्यावर चकत्या आणि चकत्यांना टेकणारे पितळी संपर्क, अशी त्याची रचना. संपर्क किती आहेत ते मोजा, म्हणजे पाटीत किती सर्किटे होती ते कळेल. बहुधा तीन किंवा चार निघतात. दांड्यावर खडूची खूण करून तो एका मिनिटात किती फेरे घेतो ते मोजता आले, तर पाटीचा मूळचा वेग तुमच्या हाती आला. नव्या कंट्रोलरमध्ये पुढे हाच वेग भरायचा आहे.

रंगाचे थर पाहायचे तर एका कोपऱ्यात नखाएवढी जागा ओली करून पॉलिश पेपरने हळूहळू घासा. जुन्या तैलरंगात शिसे असायचे, म्हणून कोरडे घासणे आणि ग्राइंडर दोन्ही वर्ज्य. तोंडाला चांगला मास्क हवाच.

परवानगी आणि सांगाडा

रस्त्यावर दिसणाऱ्या फलकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या आकाशचिन्हे (आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे उंचावरचे फलक) आणि जाहिरातींच्या तरतुदी लागू होतात, तेव्हा महापालिकेत अर्ज आधी. इमारत वारसा यादीत आहे का, हेही नगररचना विभागात विचारून घ्या. टॉकीज चालू असेल तर चित्रपटगृहाचा परवाना ज्या कार्यालयातून मिळतो त्यांनाही लेखी कळवा. विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराच्या नावावरच व्हायला हवे. तुम्ही शिकाऊ असाल तर त्याच्या हाताखाली काम करा.

सांगाड्याची तपासणी ही नुसती कागदाची बाब समजू नका. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्याने होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे दगावली. आपल्याकडेही उन्हाळ्याच्या शेवटी वळीव येतो तेव्हा आधी वारा येतो, पाऊस मागून. पाटी धरणारे लोखंडी अँगल भिंतीत जिथे शिरतात तिथे हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर तो अँगल गेला. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दाखला घ्या.

भिंत काळ्या दगडाची आणि चुन्याची असेल तर आणखी एक खबरदारी. काँक्रीटमध्ये ठोकतो तसे फुगणारे फास्टनर चुन्याच्या सांध्यात धरत नाहीत. ते सांधा फोडतात आणि वर्षभरात ढिले होतात. अशा भिंतीत आरपार बोल्ट आणि आतून पत्ती, किंवा जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा.

वीज तोडा, मग जुने उतरवा

मेन बंद केला एवढ्यावर विसंबू नका. पाटीच्या लाइनचा किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि बोर्डावर 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी अडकवा. टॉकीजमध्ये पंखा लावायला, मोटर चालू करायला कोणीतरी नकळत मेन ओढतोच. त्यानंतर मल्टिमीटरने तपासा. जुन्या जोडकामात न्यूट्रलवर स्विच घातलेला असू शकतो, म्हणून दोन्ही तारा जमिनीशी मोजा.

निऑनच्या बाबतीत तर अजिबात घाई नको. त्याचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे काही हजार, कधी १५,००० व्होल्टपर्यंत करतो. खिशातला टेस्टर या दाबासाठी नसतो. ट्रान्सफॉर्मरची आत येणारी जोडणी पूर्ण सोडल्याशिवाय काचेला बोटसुद्धा लावू नका.

जुनी वायर बहुधा सुताचे वेष्टण असलेली, आत रबर. तिला वाकवले की रबराचा भुगा होतो. ही सगळी वायर जाणार, तिच्यातला एक फूटही वाचवायचा नाही. होल्डर मात्र पितळी आणि चिनी मातीचे असतील तर उतरवून, साफ करून ठेवा.

निऑनच्या नळ्यांमध्ये एक भेद लक्षात असू द्या. नारिंगी-लाल पेटणाऱ्या साध्या काचेच्या नळीत निऑन वायू असतो. निळ्या आणि बऱ्याचशा हिरव्या-पांढऱ्या नळ्यांत आर्गॉनबरोबर पारा असतो. अशी नळी फुटली तर माणसे बाजूला करा, हवा खेळू द्या आणि काच पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडूने झाडलेत तर पारा सगळीकडे पसरेल. ती बरणी घंटागाडीत टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडेच द्या.

काय ठेवायचे आणि काय बदलायचे

आता खरा निर्णय. यावरच पाटी जुनी वाटेल की दुकानाच्या बोर्डासारखी, हे ठरते, म्हणून मी इथे थोडा रेंगाळणार आहे.

निऑनची काच शाबूत असेल तर माझे मत स्पष्ट आहे : ती दुरुस्त करा, बदलू नका. पाटी बंद पडते ती पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर जळाल्याने किंवा जास्त दाबाची वायर चिरल्याने. नळीतला वायू टिकून असेल तर नवा ट्रान्सफॉर्मर आणि नव्या वायरवर ती पुन्हा पेटते. काच तापवून वाकवणारे कारागीर आता फार थोडे राहिले आहेत, त्यामुळे जे आहे ते जपणे हेच शहाणपण.

काच फुटलीच असेल तर एलईडी निऑन फ्लेक्स (बॅनरचा फ्लेक्स नव्हे, आत एलईडी असलेली लवचिक नळी) वापरता येते, पण बाजारात पहिली मिळेल ती नको. खरी निऑन नळी चहूबाजूंनी उजळते आणि मागच्या पत्र्यावर तिची झळाळी पडते, तिचे निम्मे सौंदर्य त्या झळाळीतच असते. स्वस्त फ्लेक्स फक्त समोरून उजळते आणि मागे काळोख राहतो. म्हणून गोल, चारही बाजूंनी उजेड देणारी फ्लेक्स घ्या आणि ती पत्र्याला चिकटवू नका. जुनी नळी जेवढ्या अंतरावर होती तेवढ्याच अंतरावर आधारांवर बसवा. रंग निवडताना 'लाल' असे मोघम सांगू नका. निऑनचा लाल नारिंगीकडे झुकतो आणि एलईडीचा नेहमीचा लाल त्यापेक्षा गडद असतो. नमुने मागवा, रात्री लावून पाहा. फ्लेक्सला कमीत कमी वळणाची मर्यादा असते, देवनागरीतल्या उकाराची किंवा वेलांटीची छोटी गोलाई तिला झेपेल का, हे विकत घेण्याआधी करून बघा. मूळ काचेचे तुकडे कापडात गुंडाळून, वर अक्षराचे नाव लिहून टॉकीजमध्येच ठेवा. पुढे कोणी नळी नव्याने करायला घेतली तर त्याला मोजमापासाठी ते लागतील.

बल्बांच्या पाटीचा प्रश्न वेगळा. जुने बल्ब १५, २५ किंवा ४० वॅटचे, पिनच्या होल्डरचे. त्यांचा उजेड पिवळसर, साधारण २७०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस), आणि छोट्या वॅटच्या बल्बांचा त्याहून तांबूस. ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी तिथे लावला की टॉकीज मेडिकल स्टोअरसारखी दिसू लागते. २२०० ते २७०० केल्व्हिनमधलेच बल्ब घ्या. चार-पाच प्रकारचे बल्ब एका पट्टीवर लावून पाटीच्या जागी टांगा आणि रस्त्याच्या पलीकडून बघा. दिवसाही बघा, कारण बंद बल्ब दिवसभर दिसत असतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या गोळ्यापेक्षा पारदर्शक काचेचा फिलामेंट पद्धतीचा एलईडी बल्ब जुन्या रूपाच्या कितीतरी जवळ जातो.

रोषणाईच्या मित्रांचा आग्रह असतो की प्रत्येक भोकात रंग बदलणारा पिक्सेल घाला, दीड कोटीहून जास्त रंग मिळतील. मला ते पटत नाही. या पाटीचा रंग एकच होता, तिची गंमत पळण्यात होती. शिवाय लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा हा फिलामेंटच्या पिवळ्यासारखा कधीच दिसत नाही. एकाच रंगाचे उबदार बल्ब तीन-चार सर्किटांत वाटून पळवले, तर काम स्वस्तात होते, टिकते आणि खरे दिसते.

पळण्याची एक बारीक गोष्ट. फिलामेंट तापायला आणि विझायला क्षणभर घेते, त्यामुळे जुन्या पाटीवर उजेडाचे शेपूट मागे राहायचे. एलईडी झटकन लागतो, झटकन विझतो, आणि धाव टोचरी वाटते. कंट्रोलरमध्ये प्रत्येक पायरीला साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांचा उतार द्या आणि डोळ्यांनी जुळवा. त्यासाठी मंद होऊ शकणारेच दिवे लागतात. २३० व्होल्टच्या साध्या एलईडी बल्बांना इलेक्ट्रॉनिक स्विचमधून झिरपणारा किरकोळ प्रवाहही पुरतो, आणि 'बंद' असतानाही ते मिणमिणत राहतात. शक्य असेल तिथे २४ व्होल्ट डीसीवरचे दिवे घ्या, हा त्रास मुळातूनच जातो.

चित्रपटाचे नाव बदलायच्या चौकटीत मागे ट्यूबलाइट असायच्या. तिथे एलईडी मॉड्यूल लावा. चौकटीची खोली जेवढी, त्यापेक्षा दोन मॉड्यूलमधले अंतर जास्त ठेवू नका, नाहीतर समोर ठिपके दिसतात. सुटी अक्षरे जपा.

विजेचा हिशेब

मालकाला पटवायला हा हिशेब उपयोगी पडतो. समजा २५ वॅटचे २४० बल्ब आहेत, म्हणजे ६,००० वॅट. सहा तास सगळे जळले तर ३६ युनिट. बल्ब पळत असताना एकावेळी एक तृतीयांश बंद राहतात असे धरले तरी २४ युनिट. त्याच जागी एक वॅटचे एलईडी, सगळे सतत लागलेले, सहा तासांत दीड युनिटही घेत नाहीत. वीज वाचते ती इतकी.

आता व्होल्टेजची घट. नवखे इथेच अडतात. ६० वॅटचा भार १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. एसएमपीएसपासून पाटी दहा मीटर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर वायर, म्हणजे ०.२४ ओहम. घट झाली १.२ व्होल्ट, सरळ दहा टक्के, आणि शेवटची अक्षरे मंद. तोच भार २४ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो, घट ०.६ व्होल्ट, अडीच टक्के. म्हणून शक्यतो २४ व्होल्ट, जाड वायर आणि लांब पट्टीला दोन्ही टोकांकडून पुरवठा.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेला तोंड केलेल्या पत्र्याच्या पेटीत दुपारी हात ठेववत नाही. एसएमपीएस अशा पेटीत कोंबला तर तो लवकर जातो, कारण बहुतेकांची क्षमता ठरावीक तापमानानंतर उतरत जाते. तो इमारतीच्या आत, सावलीत, हवेशीर ठेवा आणि क्षमतेच्या ७० टक्क्यांहून जास्त भार देऊ नका. एक मोठा घेण्यापेक्षा तीन-चार छोटे घ्या, प्रत्येकाला वेगळा फ्यूज लावा. एक गेला तरी सगळी पाटी काळोखात जात नाही.

पत्र्याची प्रत्येक चौकट अर्थिंगला जोडा, सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि योग्य एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) लावा, विजांचा धक्का झेलणारे सर्ज संरक्षण बसवा. इथे काटकसर करायची नाही. उघड्यावरच्या जोडण्या आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या पेटीत, वायर ग्लँडमधून आणि खालच्या बाजूने आत न्या. आत शिरण्यापूर्वी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा, पाली आणि कबुतरे जागा शोधतच असतात.

पत्रा, रंग आणि एक न दिसणारा बदल

गंज ओल्या पद्धतीने काढा, झिंकयुक्त प्रायमर, त्यावर इनॅमल. अक्षरांच्या कडा हाताने रंगवणाऱ्या पेंटरकडूनच करून घ्या. संगणकातला तयार फाँट त्या जागी बसवला की जुन्या हाताचे वळण कायमचे जाते. शहरात ब्रश धरणारे पेंटर अजून आहेत, त्यांना योग्य मजुरी द्या आणि तुमच्या ठशांवरून काम करू द्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, मध्ये नायलॉनचा वायसर.

न दिसणारा बदल असा : जुने बल्ब तापायचे आणि पेटीतली ओल रोज रात्री सुकवायचे. एलईडी तेवढी उष्णता देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ओल आतच राहते आणि नवा रंगही आतून फुगतो. प्रत्येक अक्षराच्या तळाशी पाणी निघायला छोटे भोक आणि वर, पावसाच्या आड, हवा जायला जागा ठेवा. आतली बाजूही रंगवा.

उजेड जुळवणे

सगळे बसले की पाटी पूर्ण तेजावर ठेवून निघून जाऊ नका. एलईडी जुन्या बल्बापेक्षा सहज जास्त प्रखर होतो. समोरच्या घरांच्या खिडक्या, चौकात वळणारे रिक्षावाले, रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसे, यांच्या जागी उभे राहून बघा. डोळे दिपत असतील तर तेज उतरवा, बहुतेक ठिकाणी अर्धेही पुरते. उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा कधीही ठेवू नका, काही माणसांना त्याने झटका येऊ शकतो. खेळाच्या आधी पूर्ण तेज, शेवटचा खेळ सुरू झाला की कमी, आणि तो सुटल्यावर बंद, असे टायमरने करता येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाटीवर काळे पट्टे फिरताना दिसले तर दिवे मंद करणाऱ्या कंट्रोलरची वारंवारता कमी आहे, ती वाढवा किंवा कंट्रोलर बदला. लोक फोटो काढणारच.

नंतरची देखभाल

पाटीचा नकाशा, कोणती वायर कोणत्या अक्षराला, कंट्रोलरचा वेग, रंगाचे क्रमांक, हे सगळे मराठीत लिहून दोन प्रती करा. एक मालकाकडे, दुसरी लॅमिनेट करून बोर्डाच्या दाराला आतून. वर्षातून दोनदा, मे महिन्यात वळवाच्या आधी आणि दिवाळीपूर्वी, शिडी लावून धूळ पुसा, बोल्ट आवळा, तळाची भोके मोकळी करा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहा. धूळ बसलेला बल्ब मंद दिसतो आणि नवा घेण्याचा खर्च उगाच होतो.

सुटे दिवे मात्र पहिल्याच दिवशी घ्या, लागतात त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त आणि एकाच लॉटचे. एकाच कंपनीच्या पुढच्या लॉटमध्ये पिवळेपणा थोडा बदलतो आणि रांगेतला तो एक बल्ब लांबूनही वेगळा दिसतो. खोक्यावर तारीख आणि केल्व्हिनचा आकडा लिहून ते ऑपरेटरच्या खोलीत कोरड्या जागी ठेवा.